सरसाखालची काच

हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक सुरांबद्दल विचारतात. कान कसा तयार केला, सूर चढवायचा असेल तर कुठे घासतात, पावसाळ्यात पेटी बसते म्हणजे नेमकं काय होतं. मी उत्तरं देतो, लोक माना डोलावतात आणि चहा पाजतात. पण नगरजवळच्या भिंगारच्या बाजारात आयुष्यभर पेट्या दुरुस्त करताना मी सगळ्यांत जास्त जपली ती सरसाखालची काच. हातभर लांब, वीतभर रुंद, कडा घासून बोथट केलेली. तिच्याबद्दल आजवर मला कुणी एक अक्षर विचारलेलं नाही, म्हणून या दिवाळीला मीच आपणहून सांगतो.

पेटीचा जीव भात्यात असतो. सूर कितीही गोड असोत, भाता गळायला लागला की वाजवणाऱ्याचा हात भरून येतो आणि गाणं धापा टाकायला लागतं. भाता म्हणजे पुठ्ठ्याच्या घड्या. घडीला घडी जोडायची ती मेंढीच्या मऊ कातड्याच्या पट्ट्यांनी, आणि कोपऱ्यांवर, जिथे ताण सगळ्यांत जास्त, तिथे पट्टीच्या वर आणखी एक कातड्याचा तुकडा चढवायचा. हे सगळं चिकटवायचं गरम सरसानं. सरस जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून करतात. त्याचे खडे आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायचे, मग तो डबा पाण्याच्या भांड्यात ठेवून स्टोवर मंद तापवायचा. घाई करून डबा थेट आचेवर ठेवला तर सरस करपतो आणि असा वास सुटतो की शेजारचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून भांडायला येतो. सरस लावायचा तो गरम असतानाच. तो गोठेपर्यंत तुमच्या हातात फार तर एखादं मिनिट असतं.

आता खरी अडचण ऐका. पट्टी कशावर तरी पालथी पसरून तिच्या पाठीवर सरस लावावा लागतो. तो कडेनं ओघळतोच, आणि ज्यावर ओघळेल त्याला धरून बसतो. लाकडी पाटावर पट्टी पसरली तर ती पाटालाच चिकटते आणि उचलताना फाटते. वर्तमानपत्रावर पसरली तर वर्तमानपत्र सोबत येतं. केडगावच्या एका भजनी मंडळानं सुताराकडून दुरुस्त करून घेतलेली पेटी माझ्याकडे आणली होती. भाता मारला की आतून खरखर. उघडून पाहिला तर घडीघडीला कागद चिकटलेला. एका घडीत बियाण्याची जाहिरात, दुसरीत तमाशाची. मी ते मंडळाच्या बुवांना दाखवलं. बुवा गंभीरपणे म्हणाले, "तरीच म्हनलं, आमच्या अभंगात मधूनच ढोलकी कुठून येती!"

म्हणून सरसाखाली काय घ्यायचं हा आमच्या धंद्यातला मोठा प्रश्न. पत्रा सरसाची ऊब ओढून घेतो, लावता लावता सरस गोठतो. फरशीचंही तेच. मेणकापडाला सुरकुत्या पडतात. एक कारागीर केळीच्या पानाची फार तारीफ करायचा आणि पान खरोखर सुरेख काम देतं, पण आमच्या नगरकडच्या कोरड्या मुलखात रोज केळीचं पान आणायचं कुठून? राहता राहिली काच. सपाट, स्वच्छ, खालचं सगळं दिसतं. मात्र काचेची एक खोड बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. कोऱ्या काचेवर सरस वाळला तर तो असा आवळतो की निघताना काचेचेच टवके काढून निघतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. काचेवर काचेपेक्षा चिवट असं काही असू शकतं हे मला सरसानं शिकवलं.

हे काम मला शिकवलं उस्मानचाचांनी. दुकान त्यांचं, पुढे त्यांनी ते मला दिलं. त्यांचा नियम असा होता: "काचेला मेण द्यायचं, आणि मग दिलेलं सगळं परत घ्यायचं." म्हणजे मधमाशीचं मेण घासायचं आणि मऊ फडक्यानं ते पुसत राहायचं, पुसत राहायचं, मेण आहे की नाही अशी शंका येईपर्यंत. मग बोट फिरवायचं, अंगठ्यावर चोळायचं, वास घ्यायचा. बोटाला काही लागलं किंवा नाकाला काही आलं तर पुन्हा फडकं. मी एकदा वैतागून विचारलं होतं, की काच जितकी निसटती तितकी बरी नाही का? चाचा म्हणाले, "निसटायचं काम काचेचं आहे, कातड्याचं नाही. काचेवरचं कातड्यावर गेलं, तर उद्या त्या कातड्यावर दुसरं कातडं बसेल कसं?" बास. एवढंच शास्त्र. माझी काच मात्र चाचांच्या काचेपेक्षा भारी होती. भिंगारच्या भंगार बाजारातून मी जुन्या जीपची पुढची काच उचलली आणि कापून घेतली. जाड, एकसारखी सपाट. मला तिचा फार अभिमान होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती कोरडी वर्षं. हवेत ओलच नसल्यामुळे जुना सरस तडकायचा, पुठ्ठे बाक धरायचे, तालुक्यातालुक्यांतून पेट्या यायच्या. माणसं हाल काढत होती, पण भजनं काही कुणी बंद केली नव्हती. मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भाते बांधायचो, आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळ खायचं ते काच पुसणं.

अशा वेळी शिर्के हवालदार आले. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, सकाळ-संध्याकाळ पेटी वाजवणारा उमदा माणूस. माझं पुसणं पाहून ते हसायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक ट्यूब आणून दिली. पांढुरकं, आरपार दिसणारं ग्रीस.

"मिस्त्री, ह्याला पाणी धरत न्हाई, आग धरत न्हाई, काय म्हंजे कायच धरत न्हाई. लावून तर बघा."

लावून पाहिलं. सरसाचा थेंब अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावं तसा घरंगळला. मी कापडवाल्याला बोलावून दाखवलं, समोरच्या न्हाव्याला दाखवलं. थेंब टाकायचा, गोठू द्यायचा, नखानं उडवायचा. दोन दिवस माझ्या दुकानात जादूचे प्रयोग चालले होते. मेण, फडकं, पुसणं, सगळं गेलं. चाचांना हे मिळालं असतं तर, असंही माझ्या मनात आलं.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं काचेवर बोट फिरवलं होतं. बोट सर्रकन निसटलं होतं. वास मात्र आला नाही. मी बोट पँटला पुसलं आणि कामाला लागलो.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, एका बुधवारी, शेवगावकडून एसटीनं बापलेक आले. दावीदतात्या गावच्या चर्चमध्ये पुढे होऊन भजनं सांगणारे, शेती करणारे गृहस्थ. मुलगी रूथ गावच्या शाळेत तात्पुरती शिकवायची, तेवीस-चोवीस वर्षांची. पेटी तिनं सबंध प्रवासभर मांडीवर घेतली होती, साडीला तिच्या कडांचे व्रण उमटले होते. भात्याच्या दोन घड्या फाटल्या होत्या.

"दादा, शनिवारी अकराला नगरच्या मुलींच्या शाळेत मुलाखत हाय," रूथबाई म्हणाल्या. "संगीत शिक्षिकेची एकच जागा हाय. पेटी आपली आपन आणायची, असं कळवलंय. हुईल का?"

मी होईल म्हणायच्या आत तात्यांनी बाकीचं सांगून टाकलं. "ह्या बारीला लागली तर लागली. न्हाईतर सोयरीक आलेली हाय श्रीरामपूरकडची. तिला मी सांगितलंय, एक डाव. फुडं मागायचं न्हाई."

रूथबाई खाली पाहत होत्या. मी त्यांना एक भजन वाजवून दाखवायला सांगितलं, निदान कोणत्या पट्टीत गातात ते कळावं म्हणून. फाटक्या भात्यावर त्या गायल्या. हवा निम्मी बाहेर जात होती, डावा हात दुप्पट वेगानं चालत होता, पण गळा जागचा हलत नव्हता. मी पुष्कळ गाणारे ऐकले आहेत. ही मुलगी नोकरी घेऊन जाणार याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

भाता मी सगळा नव्यानं पट्ट्यांनी बांधला, कोपरे दुहेरी केले. शुक्रवारी दुपारी ते दोघे आले तेव्हा त्यांच्यासमोर परीक्षा घेतली. भाता भरायचा, सुराची एकही पट्टी दाबायची नाही आणि तो किती वेळ तग धरतो ते बघायचं. तो जागचा हलेना. तात्यांनी हळूच कोपऱ्यावरून हात फिरवला. मी ऐटीत म्हणालो, "तात्या, काळजी सोडा. हा भाता तुमची नातवंडं वाजवतील."

नगरला त्यांच्या नात्यातलं एक घर होतं. तिथे मुक्कामाला ते निघून गेले.

शनिवारी सकाळी दुकान उघडतोय तोच शिर्के हवालदार पेटी खांद्यावर घेऊन दारात. त्यांचा भाता मी ग्रीस आल्यावर पहिल्यांदा बांधला होता.

"मिस्त्री, कोपऱ्यातनं हवा जाती."

मी पाहिलं. वरच्या तुकड्याची कड उचललेली होती. नखानं धरून ओढली, तर सबंध तुकडा केळ्याच्या सालीसारखा अलगद हातात आला. खालची पट्टी तुकतुकीत. तिच्यावर बोट फिरवलं आणि बोट सर्रकन निसटलं, अगदी त्या पहिल्या दिवसासारखं. काचेवरचं ग्रीस पट्टीच्या तोंडाला लागलं होतं, आणि त्या ग्रीसवर मी कोपऱ्याचे तुकडे चढवत आलो होतो. गोठलेल्या सरसानं नुसतं वरून झाकण धरलं होतं, म्हणून माझी परीक्षा पास झाली. भाता सलग चार तास सपाटून मारला की झाकण सुटणार. आणि ती मुलगी काल दुपारपासून सराव करत असणार, हे कळायला मला ज्योतिषी नको होता.

घड्याळात साडेदहा झाले होते. दुरुस्तीला वेळ नव्हता, आणि ग्रीसवर दुरुस्ती होतही नाही. मी दुकानातली, चाचांच्या हातची जुनी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि निघालो. हवालदार मागून ओरडत होते, "अवो, माझी पेटी?" मी मागे पाहिलंसुद्धा नाही.

शाळेत पोचलो तेव्हा घामानं न्हालो होतो. व्हरांड्यात बाकावर दावीदतात्या बसलेले. बंद दाराआडून गाणं ऐकू येत होतं. शिपायानं मला अडवलं. "आत चालू हाय. थांबा."

मी पेटी हातात धरून थांबलो आणि ऐकत राहिलो. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात भात्यातून फस्स असा बारीक आवाज आला. तो फक्त मलाच कळला असेल. मग सूर दबले, भाता भराभर चालू लागला, सूर आणखी दबले. माझ्या मुलाला कुणी मारत असतं तरी मला इतकं झालं नसतं. मग पेटी बंदच पडली. गाणं थांबलं नाही. उरलेलं सगळं त्यांनी पेटीशिवाय म्हटलं, त्याच सुरात, जराही न हलता.

दार उघडून त्या बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पेटीकडे पाहिलं, आणि आपली पेटी बाकावर ठेवली. बोलले ते तात्या.

"नातवंडं वाजवतील म्हनला हुता तुमी. दुपार बी न्हाई निघाली."

मी शिपायाला बाजूला सारून सरळ आत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, की पेटी बंद पडली तो दोष या मुलीचा नाही, माझा आहे, दुसरी पेटी आणली आहे, पुन्हा एकदा ऐका. त्या सभ्य होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, आम्ही पेटीची परीक्षा घेत नाही. वेळही संपला. बाहेर आणखी मुली आहेत."

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. ती माझ्या काचेमुळे गेली की तशीही गेलीच असती, हे मला कधीच कळलं नाही. मी मात्र ती माझ्यामुळेच गेली असं धरून चाललो, आणि अजूनही चालतो.

दुकानात परतल्यावर पहिलं काम काचेचं केलं. रॉकेलनं धुतली, सोड्यानं धुतली, राखेनं घासली, चिंचेनं घासली. ते ग्रीस जाता जाईना. माझी ती लाडकी जीपची काच मी फोडून टाकली आणि भंगार बाजारातून तसलीच दुसरी आणली. ट्यूब हवालदारांना परत दिली. ते बिचारे ओशाळले, पण त्यांची काय चूक? त्यांनी फक्त काय काय धरत नाही ते सांगितलं होतं. मग त्या तीन आठवड्यांत ज्यांचे भाते बांधले त्या सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली: पेटी बिघडलेली नसली तरी घेऊन या. लोक बुचकळ्यात पडले. एक कीर्तनकार तर रागावून आले, की माझी पेटी उत्तम चालली आहे, तुम्ही अपशकुन का करता? मी त्यांच्यासमोर कोपरा सोलून दाखवला. ते पेटी ठेवून गेले.

रूथबाईंच्या पेटीचा भाता मी पुठ्ठ्यापासून नवा केला आणि एका रविवारी स्वतः एसटीनं घेऊन गेलो. तात्या अंगणात होते. त्यांनी बस म्हटलं नाही. मी उभ्या उभ्याच पेटी खाली ठेवली.

"ठेवा आन जावा," ते म्हणाले. "सोयऱ्यांला मी व्हय म्हनून कळवनार हाय."

भिंगारहून निघताना मी माफी मागायची असं ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही पोरीला एक डाव दिला होता. तो डाव मी खेळलो आणि मीच हरलो. तिची परीक्षा अजून झालेलीच नाही."

रूथबाई दारात आल्या होत्या. खाली बसून त्यांनी भाता सोडला आणि एक सूर धरला. सूर धरूनच ठेवला, भाता न मारता, हवा संपेपर्यंत. तो पुष्कळ वेळ टिकला. तात्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग आत तोंड करून म्हणाले, "मिस्त्रीला चा टाका."

सोयऱ्यांना त्यांनी काय कळवलं ते मी विचारलं नाही. चहा पिऊन परत आलो.

दोनेक वर्षांनी, जून महिन्यात, दुकानासमोर टांगा थांबला. टांग्यात चार पेट्या आणि रूथबाई. दुसऱ्या एका शाळेत त्या संगीत शिकवायला लागल्या होत्या आणि शाळेच्या पेट्या दुरुस्तीला आल्या होत्या. चार पेट्यांत एक त्यांची स्वतःचीही होती. नगरात तोपर्यंत पेट्या दुरुस्त करणारे आणखी दोघे झाले होते, तरी त्या माझ्याकडेच आल्या होत्या. मला एवढा आनंद झाला की मी खुर्ची पुसायला धावलो.

त्या बसल्या नाहीत. पेट्याही त्यांनी उतरवू दिल्या नाहीत. सरळ आत आल्या आणि माझ्या कामाच्या काचेपाशी थांबल्या. उजव्या हाताचं बोट काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं आणि चाचांना त्यांनी पाहिलंही नव्हतं. भात्यानं दगा दिलेल्या माणसाला ते आपोआप सुचलं असावं. मी शाळेत निकालाच्या दिवशी उभा राहायचो तसा उभा होतो.

त्यांनी बोट पदराला पुसलं नाही. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"उतरवा पेट्या," त्या टांगेवाल्याला म्हणाल्या.